वाण्याचा खाकी कागद

१२ ऑक्टोबर १९८६, रविवार

ही डायरी कंपनीची आहे. दर वर्षी मिळते आणि दर वर्षी सुगंधा तिच्यात धोब्याकडे गेलेले कपडे लिहायची. यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चादरी आणि शर्ट आहेत, पुढची पानं कोरी. मला लिहायची सवय नाही. पण घरात सांगावं असं कुणी नाही. मुलगी आहे, उत्तरा, पण ती वीस वर्षांची आहे आणि तिची बी.कॉम.ची परीक्षा आहे.

आज सहदेव आला. हा सुगंधाचा भाऊ. गिरणी बंद पडल्यापासून भांडुपला एका कंपनीत वॉचमन आहे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी फ्रेम घेऊन आला. बहिणीचा फोटो स्टुडिओत मोठा करून, हातानं रंगवून आणला, वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला.

कागद सोडला. आतली बाई गोरी होती, दुधात केशर घातल्यासारखी. ओठ विडा खाल्ल्यासारखे. कानांत मोत्यांच्या कुड्या, ज्या सुगंधाकडे कधीच नव्हत्या. नाक कुणाचं ते स्टुडिओवाल्यालाच माहीत.

माझी धाकटी बहीण वसुधा आलेली होती. ती म्हणाली, "अगंबाई, वहिनी किती छान आलीय! किती उजळ!"

"कोण वहिनी?" मी विचारलं.

सहदेव ओशाळला. म्हणाला, "स्टुडिओवालो बोललो, बाईमाणसाचो फोटो आसा, जरा उजाळ करतंय."

उत्तरा चहा घेऊन आली, फोटोकडे बघत उभी राहिली आणि परत आत गेली. मी फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळून कपाटामागे ठेवली. मी ड्राफ्ट्समन आहे. इतकी वर्षं मशीनचे भाग काढतो आहे. आमच्याकडे असा भाग कुणी काढून दिला तर त्याला घरी पाठवतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर त्या स्टुडिओत गेलो. मालक गळ्यात सोन्याची चेन घालून बसला होता. मागे भिंतभर गोरी मेलेली माणसं टांगलेली. एकजात सगळी एकाच घरातली वाटत होती.

मी म्हटलं, "ही बाई इतकी गोरी नव्हती."

"साहेब, कुणीच नसतं," तो म्हणाला. "पण आजवर एकही माणूस 'काळं करून द्या' म्हणून परत आलेला नाही. तुम्ही पहिलेच."

वर हसला. मी मूळ फोटो परत मागून आणला. वसूच्या मुलाच्या मुंजीतला आहे, तिसऱ्या रांगेत सुगंधा. भिंग लावून पाहिला. तिथेही तोंडाला पावडर, आणि पावडर संपते तिथे गळ्याला रेघ. घरातले बाकीचे फोटो काढून पाहिले. सगळ्यांत पावडर. म्हणजे तिच्या खऱ्या रंगाचा एकही फोटो नाही.

वसूला विचारलं, ही एवढी पावडर का लावायची? तर वसू म्हणाली, "अरे दादा, तूच म्हणायचास ना, फोटोत हिचे नुसते दातच दिसतील म्हणून! नवी नवरी होती. तेव्हापासून लावायला लागली."

वसूला असलं काहीतरी आठवतं. विनोदानं माणूस काहीही बोलतो. ते लक्षात ठेवण्याला काही अर्थ आहे का?

१९ ऑक्टोबर, रविवार

चित्र मीच काढायचं ठरवलं. रेषेचा प्रश्न नाही. फोटोवर चौकटी आखून चेहरा तिप्पट मोठा केला, एका दुपारचं काम. प्रश्न रंगाचा. सुगंधा सावळी नव्हती. सावळी हा भित्र्या लोकांचा शब्द आहे. ती काळी होती, पण आतून तांबूस, नारळाची करवंटी घासून तेल लावल्यावर दिसते तशी. आणि हे लिहितानाच लक्षात आलं की मला डोळ्यांपुढे करवंटी दिसते आहे, ती दिसत नाही. आठ महिन्यांत एवढं पुसलं गेलं. फेब्रुवारीपर्यंत काय उरेल?

तेव्हा लवकर करायला हवं.

उत्तरानं परस्पर दुसऱ्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशला सांगितलं. हा मुलगा फोर्टात जाहिरात कंपनीत व्हिज्युअलायझर आहे. केस मानेपर्यंत. साबणाच्या जाहिरातीत फेस काढतो. पगार घेऊन फेस. संध्याकाळी दार वाजवून आत आला आणि म्हणाला, "काका, मार्कर वापरा. झकास काम होईल. ब्लेंडिंग मी शिकवतो ना, यार."

मी त्याचा यार नाही. पण मार्करचा डबा ठेवून घेतला.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहिला धडा. परदेशी मार्कर आहेत, जाड, तिरप्या टोकाचे. झाकण उघडलं की आमच्या प्रिंट-रूमसारखा नाकात जाणारा वास. एकावर इंग्रजीत लिहिलं आहे 'कातडीचा रंग'. कागदावर ओढला तर उकडलेल्या कोळंबीचा रंग आला.

"हे कुणाचं कातडं?" मी विचारलं.

"साहेबांचं," चंद्रप्रकाश म्हणाला. "आपलं ते बनवत नाहीत, काका. आपलं मिक्स करावं लागतं."

मग मी कार्ट्रिज पेपरवर गेरूसारखा एक रंग ओढला. प्रत्येक रेषा शेवटी थांबवून, नेमकी. थांबलो तिथे तिथे गडद डाग. दोन रेषा जिथे एकमेकींवर आल्या तिथे पट्टे. वाळल्यावर ते कुंपण दिसत होतं.

"काका, तुम्ही भिंत बांधताय. हात थांबवू नका. थांबला की डाग. ओल्यावर ओलं चढवायचं, वाळायच्या आत दुसरा रंग."

आमच्या कामात रेषा संपते तिथे संपते. या लोकांची रेषा संपतच नाही, म्हणून त्यांचं कामही कधी पुरं दिसत नाही. तसं त्याला सांगितलं. तो हसला. याला राग येत नाही, हा आणखी एक दोष.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊबीज. आमच्याकडे यंदा दिवाळी नाही, फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला. चकल्यांवरून बायकांचे स्वभाव ओळखता येतात. बहुतेक चिवट आहेत.

दुपारी सहदेव आला. इस्त्रीचा शर्ट घालून. ओवाळणारी नाही हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. खुर्चीच्या टोकावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि "भावोजी, बरां आसा मां?" एवढं विचारलं. तासभर बसून गेला. काय मिळतं अशा येण्यानं?

उत्तरानं त्याला दारापर्यंत सोडलं. बराच वेळ परत आली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

कागदांची परीक्षा घेतली. सगळे नालायक.

कार्ट्रिज दारुडा आहे. मार्कर टेकवला की पितो, पसरतो, आणि खालच्या कागदालाही पाजतो. दोन रंग मिसळायला वेळच देत नाही. गुळगुळीत आर्ट पेपरवर रंग टिकत नाही, बोट लागलं की निघतो, जाहिरातवाल्यांना शोभेल असा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला भोकाभोकांचं दिसतं. चंद्रप्रकाशचा लेआउट पॅड बरा म्हणायचा, पाझरत नाही, पण रंग फिका पडतो, पुन्हा स्टुडिओतली बाई. आयव्हरी कार्डावर पहिला थर चांगला बसतो, दुसऱ्याला कार्ड ओरबाडतं.

मार्कर सुकत चालले आहेत. चंद्रप्रकाशनं इंजेक्शनच्या सिरिंजनं त्यांच्या पोटात स्पिरिट भरलं. डॉक्टरांसारखा चेहरा करून. सुगंधाच्या वेळचे डॉक्टर असाच चेहरा करायचे. त्याला जायला सांगितलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जमलं. साबणवाल्यामुळे नाही, माझ्या धंद्यामुळे.

ट्रेसिंग पेपर. चंद्रप्रकाश म्हणाला होता त्यावर मार्कर घसरतो, नाद सोडा. घसरतो हे खरं, पण घसरतो म्हणून आत शिरत नाही, वर ओला राहतो, आणि ओला राहतो म्हणून दुसरा रंग त्यात शिरतो. स्पिरिटचा बोळा फिरवला की दोघांमधली शीव विरघळते. चुकलं तर पुसताही येतं. शिवाय आम्ही ट्रेसिंगवर शेडिंग उलट्या बाजूनं करतो, पुढची रेषा खराब होऊ नये म्हणून. तसं रंग मागून चढवला, पुढे शाईची रेष. पुढून पाहिलं तर डाग नाही, पट्टा नाही. आतून रंग आल्यासारखा.

गेरू, त्यावर गडद तपकिरी, कडेला करडा. पण मागे पांढरा कागद ठेवला की चेहरा राखेसारखा दिसतो. निळा ठेवला, पिवळा ठेवला. मग टेबलावर वाण्याची खाकी पिशवी पडली होती, डाळीची, ती सरळ करून मागे सरकवली.

तो रंग आला. म्हणजे जवळपास आला.

चंद्रप्रकाशला बोलावून दाखवलं. मान वाकडी करून तो म्हणाला, "काका! परदेशी मार्कर आणि वाण्याची पिशवी? आमच्या आर्ट डायरेक्टरला सांगितलं तर खुर्चीतून पडेल."

"पडू दे," मी म्हटलं.

७ डिसेंबर, रविवार

जवळपास म्हणजे बरोबर नव्हे. रंग जुळवायला समोर काहीतरी हवं. उत्तरा आईच्या रंगावर गेली आहे, एवढं मला माहीत आहे. तिला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, पुस्तक हातात दिलं, म्हणजे तिचाही वेळ फुकट जाऊ नये. गालाशेजारी ट्रेसिंग धरून रंग पाहिला. फरक दिसेना म्हणून बारकाईनं पाहिलं तर गालावर, मानेवर पावडर.

"ही कधीपासून?"

"आत्यानं दिली."

"पुसून ये. रंग जुळत नाही."

पुसून आली. मग पुष्कळ वेळ काम केलं. ती मधेच म्हणाली, "बाबा, आईला खिडकीत बसून शेंगा सोलताना बघितलंत कधी? ती गाणं म्हणायची, एकटी असली की."

"मान वळवू नकोस," मी म्हटलं.

२१ डिसेंबर, रविवार

वसू सकाळीच हजर. तिचं म्हणणं, आई गेल्यावर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. बोरिवलीचं एक स्थळ आहे, मुलगा बँकेत. वसूनं उत्तराला नेऊन फोटोही काढून घेतला आहे. त्याच स्टुडिओत.

फोटो पाहिला. दुधात केशर. मी मोठ्यानं हसलो.

"हसायला काय झालं?" वसू भडकली. "हल्ली सगळेच असा काढतात. तुला पोरीचं काही पडलंय की नाही? त्या कागदांत नाक खुपसून बसलेला असतोस. माणसं काय म्हणतायत माहितीये?"

"काय म्हणतायत?"

"बायको गेल्यावर चित्रं रंगवायला लागला म्हणतात."

म्हणू देत. हीच माणसं चकल्या चिवट करतात. वसूला म्हटलं, तुला योग्य वाटेल ते कर, मला काम आहे. उत्तरा दारात उभी होती. माझ्याकडे पाहत होती. तिला काही विचारायचं असावं, पण तिनं विचारलं नाही, आणि खिडकीतला उजेड चालला होता.

४ जानेवारी १९८७, रविवार

नवीन डायरी. ही कोरीच सुरू होते.

आज गुरुजींकडे गेलो आणि माझा सगळा हिशेब कोसळला. सुगंधा गेली एकोणीस फेब्रुवारीला. मी एकोणीस धरून चाललो होतो. गुरुजी पंचांग उघडून म्हणाले, "तारखेचं काय घेऊन बसलात? माघ शुद्ध दशमी. यंदा आठ फेब्रुवारीला येते." मी म्हटलं, माणूस तारखेला जातं. ते म्हणाले, "जातं तारखेला. पण येतं तिथीला, जेवायला."

हसले वर. आठपर्यंत डोळे आणि कपाळ एवढंच पुरं होईल असं मी धरलं होतं. आता चेहरा सबंध हवा. ड्रॉइंग ऑफिसमध्ये एखाद्यानं मुदत अशी चुकवली असती तर मी त्याला काय काय बोललो असतो.

११ जानेवारी, रविवार

बोरिवलीचे लोक आले होते. मुलगा, आई, आणि एक मामा, ज्याला प्रत्येक घरी पोहे कमी पडत असावेत. वसूनं उत्तराला आत बसवून पाऊण तास तयार केलं होतं. दारातून ट्रे घेऊन आली तेव्हा तोंड एका रंगाचं, हात दुसऱ्या रंगाचे. मला मुंजीतला फोटो आठवला, ती गळ्याची रेघ.

मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला. एकदा फोटोकडे, एकदा उत्तराकडे पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाली, "फोटो जरा वेगळ्या लाइटमध्ये काढलेला दिसतोय, नाही?"

मामा पोहे खात म्हणाला, "आजकाल काय, लाइटिंगवरच असतं सगळं."

मुलगा चपलांकडे पाहत होता. अशा मुलाला बँकेत नोट तरी ओळखता येत असेल का? "कळवतो" म्हणाले. ते काय कळवणार ते पोह्यांच्या रिकाम्या बशीवरसुद्धा लिहिलेलं होतं.

ते गेल्यावर बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. उत्तरा बाहेर आली ती तोंड पुसत सरळ स्टुलावर जाऊन बसली. "बसू ना?" म्हणाली. डोळे लाल होते, साबण गेला असेल. आज गालाच्या हाडाखालची सावली पहिल्यांदा बरोबर बसली.

१८ जानेवारी, रविवार

हाताला आता थांबायची सवय राहिली नाही. ऑफिसातही रेषा लांबते. साहेब म्हणाले, "काय हो, शाफ्ट बाहेर आला." याआधी असं कधी झालं नव्हतं.

फोटोतून फक्त डोळ्यांची जागा घेतली आहे. बाकी फोटो निरुपयोगी, नुसती पावडर. हनुवटी, नाक, ओठ आठवणीतून दुरुस्त करतो. आठवण आता पहिल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ झाली आहे. आधी करवंटी दिसत होती, आता चेहरा दिसतो. सरावाचा परिणाम.

२५ जानेवारी, रविवार

चित्र पुरं झालं. खाकी कागदावर चढवून बोर्डाला टाचलं. चंद्रप्रकाशला बोलावलं, त्यानं मार्कर दिले एवढ्यासाठी.

तो बोर्डाजवळ आला. पहिल्यांदाच 'झकास' म्हणाला नाही. मग म्हणाला, "काका, रागावू नका. काम एकदम वरच्या दर्जाचं आहे. पण ही उत्तरा आहे."

"ही माझी बायको आहे."

"काकूंना मी चार वर्षं बघितलंय, काका. माझ्या हातावर लाडू ठेवायच्या जिन्यात. त्यांचं कपाळ मोठं होतं, आणि हसल्या की एक डोळा आधी बारीक व्हायचा. ही उत्तरा आहे. उत्तरा रोज खिडकीत बसते ना, तशीच."

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. डबाही परत दिला. साबणाच्या फेसात आयुष्य गेलेल्या माणसाला चेहरा काय कळणार?

डोळा आधी बारीक व्हायचा, उजवा. हे बरोबर आहे. मी विसरलो होतो.

१ फेब्रुवारी, रविवार

सहदेवला बोलावून घेतलं. काही न सांगता त्याला बोर्डासमोर उभं केलं. तो जवळ गेला, चष्मा नाही म्हणून डोळे बारीक केले. उत्तरा त्याच्यामागे उभी होती.

"ह्यां तोंड आमच्या चेडवाचां," तो म्हणाला, आणि मागे वळून उत्तराकडे पाहून हसला. "तूच गे ही."

मग पुन्हा वळला, आणि चित्राच्या गालावर बोट ठेवलं, अगदी हलकं. "पण रंग तिचोच, भावोजी. माज्या भैणीचोच रंग. ह्यो खंय गावलो तुमका?"

आणि तिथेच, बोर्डासमोर, तो रडायला लागला. मोठा माणूस, वॉचमनचा गणवेश घातलेला. मी पाणी आणायला आत गेलो, आणि आणायला वेळ लागला.

आता हे चित्र भिंतीवर लावता येणार नाही. जिवंत पोरीच्या चेहऱ्याला हार घालत नाहीत. एवढे महिने घालवून मी नेमकं स्टुडिओवाल्यानं केलं तेच केलं. दुसरं काढायला एक आठवडा, आणि दुसरंही हेच निघेल. मला दुसरा चेहरा येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वर्षश्राद्ध झालं. पिंड, दर्भ, कावळा, सगळं. कावळ्यानं वाट पाहायला लावली नाही. तिचा स्वभावच तसा.

भिंतीवर वसूनं कपाटामागची फ्रेम काढून लावली होती. दुधात केशर. माझ्याकडे दाखवायला दुसरं नव्हतं.

जेवणाआधी वसूला बोर्ड दिसला. "हे काय? उत्तरा का ही? शी, दादा, किती काळी काढलीस पोरीला!"

उत्तरा वाटीत खीर वाढत होती. पळी खाली न ठेवता म्हणाली, "आत्या, मी एवढीच काळी आहे."

खीर वाढत पुढे गेली. पंगतीत कुणीतरी खोकलं. वसूच्या तोंडून त्यानंतर निम्मं जेवण होईपर्यंत शब्द आला नाही, हा आमच्या घराण्यातला विक्रम असावा. मग म्हणाली, "आज वर्ष संपलं. बोरिवलीचं तर गेलंच. आता तीन वर्षं बसा. पोरीची वाट लागली." उत्तरा भाताचं भांडं घेऊन वळली तेव्हा तिचा चेहरा वाट लागलेल्या माणसाचा नव्हता. गाल आतून चावून धरला होता तिनं, हसू येऊ नये म्हणून.

सगळे गेल्यावर मी फ्रेम उतरवली. मागचे खिळे काढले, फोटो बाहेर घेतला आणि सहदेवला दिला.

"ही बाई तुमची कोण असेल तर घेऊन जा."

तो रागावला नाही. फोटो गुंडाळून काखेत धरला. "आनी भितीर काय लावतलास?"

कागदांच्या ढिगातून मी ट्रेसिंगचा एक तुकडा काढला. रंग जुळवताना केलेला, तळहाताएवढा. त्यावर नाक नाही, डोळे नाहीत, रेष नाही. नुसता रंग, मागून चढवलेला, थांबल्याचा डाग नसलेला. डाळीच्या पिशवीचा कागद कापून मागे लावला, आणि तोच फ्रेममध्ये बसवला.

सहदेवनं दोन्ही हातांनी फ्रेम धरली. "ह्योच," म्हणाला.

हार उत्तरानं घातला. रंगाला हार घालायला हरकत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या बाई आल्या होत्या. फ्रेमकडे पाहून म्हणाल्या, "फोटो उडाला का हो? आमच्या सासऱ्यांचा असाच उन्हानं उडाला." मी म्हटलं, हो. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नसते.

चंद्रप्रकाश आला. कुणी बोलावलं नव्हतं. फ्रेमसमोर हात जोडले, मार्करचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ऑफिसमध्ये नवीन सेट आलाय, काका. हा पडूनच राहणार." खोटं बोलतो आहे. जाहिरातवाल्यांना तेही नीट येत नाही. त्याला चहा विचारला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तारखेनं आज. रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा 'घरगुती काम' लिहिलं.

सकाळी सगळे मार्कर तपासले. सुकलेल्यांना सिरिंजनं स्पिरिट भरलं. ट्रेसिंगचा नवा ताव बोर्डाला लावला. वाण्याकडे गेलो, खाकी पिशव्या मागितल्या, त्याला वाटलं डाळ विसरलो.

कॉलेजला निघालेल्या उत्तराला म्हटलं, बस थोडी. तिनं पर्स खाली ठेवली. तोंडाला काही लावलेलं नव्हतं. स्टुलावर बसत तिनं भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं, मग कोऱ्या कागदाकडे.

"आज कुणाचं, बाबा?"

"तुझं. मान वळवू नकोस."

तिनं वळवलीच. सरळ माझ्याकडे पाहून हसली, आणि उजवा डोळा आधी बारीक झाला.